छत्तिशीतल्या माणसाकडे वयाचा पुरावा का मागतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वय ३६. धाकट्या बहिणीला, म्हणजे ३१ वर्षांच्या बाईला, बरोबर घेऊन तुम्ही वाइनची बाटली घ्यायला गेलात. गल्ल्यावरच्या विशीतल्या मुलाने दोघींकडे वयाचा पुरावा मागितला. तुम्ही कार्ड दाखवलंत. बहिणीकडे फोनमध्ये कार्डाचा फोटो होता, तो त्याने मानला नाही आणि बाटली तुम्हालाही दिली नाही. मागे रांग होती, सगळे बघत होते. नंतर एका क्लबच्या दारावर न विचारता तुमचं कार्ड मशीनमध्ये घातलं गेलं. तुम्ही विचारताय की हा कायदा आहे की मनमानी, फोटो का चालत नाही, पैसे तुम्ही देत असताना बहिणीच्या वयाशी काय संबंध, आणि मशीनमध्ये कार्ड द्यावं का.

मी २२ वर्षं याच कामात आहे. आधी गल्ल्यावर, मग क्लबच्या दारावर, आणि आता बरीच वर्षं दुकानांतल्या आणि बारमधल्या माणसांना पुरावा कसा मागायचा हे शिकवतो. तुम्हाला ओशाळं वाटलं ते चुकीचं नव्हतं. त्या मुलाने मागितलं तेही चुकीचं नव्हतं. मागण्याची रीत मात्र बहुधा चुकली.

कायद्यापासून सुरुवात करू. बहुतेक देशांत कायदा विकणाऱ्याला सांगतो की अमुक वयाखालच्या माणसाला दारू किंवा तंबाखू विकायची नाही. तुम्ही पुरावा जवळ बाळगलाच पाहिजे असं तो सहसा म्हणत नाही. म्हणजे जबाबदारी सगळी विकणाऱ्यावर, आणि कित्येक ठिकाणी दंड दुकानाला होतो तसाच गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसालाही होतो. त्या विशीतल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चूक झाली तर नोकरी त्याची जाणार, नाव त्याचं लागणार. ओळखून बरोबर विकलं तर मात्र कुणी शाबासकी देणार नाही.

म्हणून कायद्याचं वय आणि विचारण्याचं वय यांच्यात मुद्दाम अंतर ठेवतात. स्कॉटलंडमध्ये दारूसाठी वय १८, पण १ ऑक्टोबर २०११ पासून परवानाधारकाला सक्तीने असं धोरण ठेवावं लागतं की २५ च्या आतला वाटेल त्याला विचारायचं. स्वीडनमध्ये सरकारी दुकानांतून दारू घ्यायला २० वर्षं लागतात, तिथेही पंचविशीच्या आतले दिसणाऱ्यांकडे पुरावा मागतात. अमेरिकेत तंबाखूचं वय डिसेंबर २०१९ मध्ये २१ झालं आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून नियम असा आहे की ज्याचं वय ३० च्या आत आहे त्याचं फोटो असलेलं ओळखपत्र पाहायचंच. म्हणजे तिथे २९ वर्षांच्या माणसाला विचारणं ही मनमानी नाही, न विचारणं हा नियमभंग आहे.

आता हे अंतर इतकं मोठं का? कारण चेहऱ्यावरून वय ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत, आणि आपल्याला तसं अजिबात वाटत नाही. माझ्या वर्गाची सुरुवात मी वीस चेहऱ्यांचे फोटो दाखवून करतो. प्रत्येकाने कागदावर वय लिहायचं. सतरा वर्षांच्या मुलाला बावीस-तेवीस म्हणणारे प्रत्येक वर्गात निघतात, आणि त्यात दहा-दहा वर्षं गल्ल्यावर काढलेलेही असतात. चेहऱ्यांच्या अभ्यासात हे नीट मोजलं गेलं आहे. लहान चेहऱ्यांचं वय माणूस जास्त धरतो, म्हाताऱ्या चेहऱ्यांचं कमी. शिवाय आधी पाहिलेला चेहरा पुढच्या चेहऱ्याचा अंदाज आपल्याकडे ओढतो. रांगेत पाच पन्नाशीची माणसं होऊन गेली की सहावा सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यापेक्षा मोठा दिसायला लागतो. हसणारा माणूस थोडा मोठा वाटतो, कारण हसताना डोळ्यांपाशी सुरकुत्या पडतात. दाढी, मेकअप, मंद दिवे यांचं तर सांगायलाच नको.

मी स्वतः एकदा चुकलो आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी गल्ल्यावर एक मुलगा आला. उंच, भरगच्च दाढी, खिशातून नोटा काढण्याची पद्धतही मोठ्या माणसाची. मी त्याला बिअर दिली. तो सोळा वर्षांचा होता आणि तपासणी खात्याने पाठवलेला चाचणीचा गिऱ्हाईक होता. त्याने मला खोटं काही सांगितलं नव्हतं, कारण मी काही विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून दाढी बघून वय ठरवणं मी सोडलं.

तेव्हा मुलाने तुम्हाला विचारलं यात तुम्ही लहान दिसता की नाही हा मुद्दा दुय्यम आहे. त्याला शिकवलेलं असतं की शंका आली तर विचार, अंदाजावर विकू नकोस. ‘माझे पांढरे केस दिसत नाहीत का?’ असं तुम्ही म्हणालात. खरं सांगतो, आम्ही केसांकडे बघतच नाही. केस रंगवता येतात, पांढरेसुद्धा.

पण सरसकट सगळ्यांकडे, अगदी सत्तरीच्या माणसाकडेही पुरावा मागायचा, असा नियम काही दुकानं करतात, त्याच्या मी विरोधात आहे. त्यांचं म्हणणं असतं की असं केलं की भेदभाव उरत नाही आणि डोकंही चालवावं लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ज्यांनी गाडी चालवणं सोडलं, ज्यांचा पासपोर्ट दहा वर्षांपूर्वी संपला आणि पुन्हा काढायचं कारण उरलं नाही, अशी म्हातारी माणसं प्रत्येक गावात असतात. काठी टेकत आलेल्या आजोबांना ‘कार्ड नाही तर नाही’ म्हणून परत पाठवण्याने कुठल्याही पोराचं रक्षण होत नाही. २५ किंवा ३० ची रेघ आखली की डोकं चालवावं लागतं, आणि ते चालवलंच पाहिजे.

ते चालवताना भेदभाव शिरतो हे मात्र खरं, आणि यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ज्या वंशाचे, ज्या प्रदेशाचे चेहरे आपण लहानपणापासून फारसे पाहिलेले नसतात, त्यांचं वय आपल्याला कमी कळतं. मग तशा माणसांकडे जास्त वेळा पुरावा मागितला जातो आणि त्यांना वाटतं की आपल्यालाच का. त्यांना तसं वाटणं रास्त आहे. यावर उपाय म्हणून नकारांची वही नीट ठेवायची. प्रत्येक नकाराची वेळ, माल, कारण आणि गल्ल्यावरच्याची सही. महिन्याच्या शेवटी मालकाने ती वाचायची. एखाद्याचे नकार शून्य असतील तर तो विचारत नाही. एखाद्याचे सगळे नकार एकाच प्रकारच्या माणसांचे असतील तर त्याला बाजूला घेऊन बोलायचं. मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत वही असते, पण ती फक्त तपासणीच्या दिवशी उघडते.

इथे मला एका बाईंबद्दल सांगायचंच आहे. मी गल्ल्यावर असताना त्या दर आठ-पंधरा दिवसांनी यायच्या. वय ४१. जन्मापासूनच्या एका विकारामुळे त्यांची वाढ लवकर थांबली होती, उंची साडेचार फुटांच्या आसपास, चेहरा कोवळा. त्या माल ठेवायच्या आधी काउंटरवर पासपोर्ट ठेवायच्या, उघडून, फोटोचं पान माझ्याकडे करून. मला त्या ओळखीच्या झाल्या तसं मी एकदा म्हणालो, ‘ताई, आता राहू द्या.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही ओळखता, पण रांगेतले ओळखत नाहीत. त्यांना दिसू दे.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘नवीन पोरांना सांगा, विचारा, पण मोठ्याने विचारू नका.’

ते मी आजवर प्रत्येक वर्गात सांगत आलो आहे. आवाज एवढाच ठेवायचा की समोरच्यालाच ऐकू जाईल. ‘वय किती?’ असं नाही, ‘वयाचा पुरावा दाखवाल का, पंचविशीच्या आतले वाटणाऱ्या सगळ्यांना आम्ही विचारतो’ असं. हे वाक्य मालाची किंमत सांगायच्या आधी म्हणायचं, पैसे हातात आल्यावर नाही. कार्ड बघून झालं की ‘आभारी आहे’ म्हणायचं आणि वयावरून एक अक्षरही बोलायचं नाही. ‘अरे वा, वाटत नाही हो!’ हे आपल्याला कौतुक वाटतं, पण ज्याला आयुष्यभर ते ऐकावं लागतं त्याला ते बोचतं. तुमच्या बाबतीत मुलाने रांगेसमोर मोठ्याने नकार दिला असेल तर तक्रार त्याबद्दल करा, विचारल्याबद्दल नको.

आता बहिणीबद्दल. पैसे तुम्ही देत होता, मग तिचं वय कशाला? कारण अल्पवयीनासाठी मोठ्याने विकत घेऊन देणं हासुद्धा कित्येक देशांत गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यात तो स्वतंत्रपणे सांगितला आहे. दोघी मिळून कपाटासमोर उभ्या राहिलात, बाटली तिने निवडली, पैसे देताना तिने तुमच्या हातात नोट दिली, असं काही त्याला दिसलं असेल तर त्याच्या मनात शंका येणारच. पण आई लेकराला घेऊन आठवड्याचा बाजार करत असेल आणि पिशवीत एक बाटली असेल, तर लेकराचं वय विचारणं मूर्खपणाचं आहे, आणि असं करणारी दुकानं मी पाहिली आहेत. बघायचं काय, तर माल नक्की कोण निवडतंय आणि पैसा कुणाचा. नुसतं बरोबर असणं पुरेसं नाही. तुमच्या बहिणीने काहीच हाताळलं नसेल तर मुलाने नियम जास्त ताणला असं माझं मत आहे.

फोनमधल्या फोटोच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे त्या मुलाच्या बाजूने आहे. कार्ड आपण हातात का मागतो? डोळ्यांइतकंच बोटांनी तपासायचं असतं म्हणून. कड नखाने चाचपायची, वर पापुद्रा चिकटवला असेल तर तो लागतो. दिव्याखाली तिरपं करायचं, चमकणारं चित्र हललं पाहिजे, रंग बदलला पाहिजे. फोटोच्या भोवती बोट फिरवायचं. यातलं काहीही काचेवर करता येत नाही, आणि जन्मसालातला एक आकडा फोनवर बदलायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात. बहिणीचा फोटो खरा होता हे तुम्हाला माहीत आहे, पण गल्ल्यावरच्याला ते कळायचा मार्ग नव्हता.

शिवाय माझ्या अनुभवात बनावट कार्डांपेक्षा उसनी कार्डं कितीतरी जास्त येतात. थोरल्या भावाचं, चुलत बहिणीचं, मैत्रिणीचं. कार्ड अस्सल, माणूस दुसरा. मुदत संपलेलं कार्ड नाकारतात त्यामागेही हेच आहे. तारीख संपली म्हणून कुणाचं वय कमी होत नाही हे आम्हालाही कळतं. पण थोरल्याने नवं कार्ड काढलं की जुनं घरातल्या खणात पडतं, आणि तिथून धाकट्याच्या खिशात जातं.

उसनं कार्ड ओळखायला केस, चश्मा, दाढी बघू नये. कान बघावा, त्याची पाळी आणि माथ्याशी असलेला कोन. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली जागा. मग कार्ड आपल्या हातात ठेवून सहज विचारायचं, ‘यंदा किती पूर्ण झाली?’ स्वतःचं वय माणूस पटकन सांगतो. उसन्या कार्डवाल्याने जन्मतारीख पाठ केलेली असते, पण वय विचारलं की त्याला वजाबाकी करावी लागते, आणि तो क्षणभर वर बघतो. घाबरलेला खरा माणूसही कधी अडखळतो, म्हणून एवढ्यावर कुणाला नाकारायचं नाही. हा फक्त पुन्हा नीट बघायचा इशारा.

पासपोर्ट असेल तर आणखी एक सोय आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत चौदाव्या जागेपासून सहा आकडे म्हणजे जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्याच्या पुढचा सातवा आकडा पडताळणीचा. समजा कुणाचा जन्म ५ मार्च २००८ चा. आकडे होतात ०८०३०५. त्यांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ०, २४, ०, २१, ०, ५, एकूण ५०. शेवटचा आकडा ०, म्हणून ओळीत ०८०३०५० छापलेलं असतं. आता कुणी वरच्या तारखेत ८ चा ५ केला आणि खालच्या ओळीतही केला, तर बेरीज ४१ होते आणि पडताळणीचा आकडा १ हवा. तिथे ० राहिला असेल तर काम उघडं पडतं. गल्ल्यावर कुणी गुणाकार करत बसत नाही, ते यंत्र करतं. पण वरची तारीख आणि खालची तारीख जुळते का, एवढं बघायला एक सेकंद लागतो, आणि हौशी खोटारडे बहुतेक वेळा खालची ओळ विसरतात.

तारखांवरून आठवलं, आमच्या लोकांच्या निम्म्या चुका खोट्या कार्डांमुळे होत नाहीत, वजाबाकीमुळे होतात. चालू सालातून जन्मसाल वजा केलं, १८ आले, दिला माल. वाढदिवस अजून तीन महिने पुढे असतो. दुसऱ्या देशाच्या कार्डावर ०४/११ हे ४ नोव्हेंबर की ११ एप्रिल, हा आणखी एक घोळ. यावर साधा उपाय म्हणजे रोज सकाळी गल्ल्यावर पाटी लावायची: ‘या तारखेला किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच’ आणि खाली अठरा वर्षांपूर्वीची आजची तारीख. वजाबाकीच नको. दक्षिण कोरियात हे कायद्यानेच सोपं केलं आहे. दारू-सिगारेटसाठी तिथे वाढदिवस बघत नाहीत, ज्या वर्षी १९ पूर्ण होणार त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून परवानगी. उलट जपानमध्ये एप्रिल २०२२ पासून माणूस १८ ला सज्ञान होतो, पण दारू आणि तंबाखूसाठी २० च लागतात. जर्मनीत बिअर आणि वाइन १६ ला मिळते, कडक दारू १८ ला. प्रवासात आपल्या घरच्या आकड्यावर विसंबू नका.

क्लबच्या दारावरचं मशीन. इथे माझा राग दुकानावर आहे, म्हणजे त्या क्लबवर. वय तपासणं म्हणजे बघणं. तुमचं नाव, पत्ता, कार्डाचा क्रमांक आणि चेहरा साठवून ठेवणं ही निराळी गोष्ट आहे, आणि ती न सांगता करणं गैर आहे. काही ठिकाणी कायद्याने किंवा परवान्याच्या अटीने दारावर स्कॅनर सक्तीचे असतात, पण तिथेही पाटी लावून सांगायला हवं. तुम्ही दारावरच विचारा: मशीन फक्त वाचतं की साठवतं, किती दिवस ठेवता, कुणाला देता. उत्तर देता येत नसेल तर ‘कार्ड तुम्ही डोळ्यांनी बघा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांना तुम्हाला आत न घ्यायचाही अधिकार बहुधा असतो, तेव्हा दुसरीकडे जायची तयारी ठेवा. आणि कुणी स्वतःच्या फोनने तुमच्या कार्डाचा फोटो काढू लागला तर तिथेच थांबवा. त्याची काहीच गरज नसते.

याला चांगला पर्याय आता हळूहळू येतो आहे. फोनमधल्या वाहन परवान्यासाठी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात एक सोय अशी आहे की समोरच्या यंत्राला तुमची जन्मतारीख न देता ‘१८ च्या वर: होय’ एवढंच उत्तर देता येतं. नाव नाही, पत्ता नाही. उत्तरावर परवाना देणाऱ्या खात्याची डिजिटल सही असते, म्हणून ते मानता येतं. बहिणीच्या फोनमधल्या फोटोत आणि यात फरक हाच. तुमच्याकडे ही सोय असेल तर ती घ्या, मात्र दुकान ते वाचू शकतं का हे आधी बघा, सगळीकडे यंत्रं नाहीत.

हे प्रश्न कमी होणार नाहीत, वाढणार आहेत. मालदीवमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही असा कायदा आहे. म्हणजे २०४७ साली तिथे चाळिशीच्या माणसाला पुरावा मागावा लागेल, आणि एक्केचाळिशीच्या माणसाला माल मिळेल. चेहऱ्यावरून चाळीस आणि एक्केचाळीस कोण ओळखणार? तिथे वयस्कांना नीट, हळू आवाजात, अपमान न करता विचारायची रीत आज शिकवली नाही, तर उद्या सगळ्यांनाच त्रास आहे.

तुम्ही आता काय करावं? दुकानाच्या व्यवस्थापकाला शांतपणे दोन गोष्टी लिहा. मुलाने सगळ्यांसमोर मोठ्याने नकार दिला ही एक. बहिणीने माल हाताळला नसताना तिचा पुरावा का लागला हे धोरण लेखी दाखवा, ही दुसरी. मुलाला शिक्षा करा असं लिहू नका, त्याला शिकवा असं लिहा. आणि बहिणीला सांगा, बाहेर जाताना खरं कार्ड पाकिटात ठेव, फोटो नको. कार्ड हरवायची भीती वाटत असेल तर ओळख दाखवणारं दुसरं एखादं स्वस्त सरकारी कार्ड काढून तेच बरोबर ठेवावं, पासपोर्ट घरी राहू द्यावा.